चादरीखालचा पाय

मी जमशेद नालबंद, राहणार शिरपूर जैन. या भागात बैलाले नाल ठोकणारा आता मी एकटाच उरलो. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, माह्या भावाच्या पोरांनी मोबाईलचं दुकान टाकलं अन् मले म्हणाले, चाचा, आता बैल ठेवते कोण. पण ज्यांच्याकडं बैल हायेत ते मलेच शोधत येतात. पस्तीस वर्सं मी बैलाचे पाय मांडीवर घेतले. पायातलं मले कळते. हे आधीच बोलून ठेवतो, कारण माह्या स्वतःच्या पायातलं मलेच काही कळत नाही, असं मले वर्सभर ऐकावं लागलं. अन् ऐकवणारा माणूस माह्या पायाले एकदाबी हात न लावता ऐकवत होता.

आमचं काम कसं असते ते सांगतो. बैल पाडायचा, चारी पाय बांधायचे, एकेक खूर हातात घेऊन तासायचा, बोटानं दाबून पाह्यचा. कुठं दाबल्यावर त्याचं अंग थरथरते, कुठं तो पाय ओढून घेते, ते पाह्यचं. मंगच नाल बसवायचा अन् खिळा ठोकायचा. एका खुराले दोन नाल, एका बैलाले आठ. जनावर बोलत नाही, म्हणून हात लावूनच समजून घ्यावं लागते. मी तं बोलत होतो. चांगला घसा ताणून बोलत होतो.

उकिडवं बसून बसून म्हणा, का एका गोऱ्ह्यानं घातलेल्या लाथेनं म्हणा, माह्या डाव्या खुब्याचं हाड आतून वाळलं. चार पावलं चाललो की डोळ्यांत पाणी. वाशिमच्या एका दवाखान्यात दाखवलं. दवाखान्याचं नाव घेत नाही, घेऊन काय फायदा. मोठा डॉक्टर, मोठी पाटी, बाहेर चपलांचा ढीग. त्यानं एक्सरे उजेडावर धरला अन् म्हणला, "खुब्याचा गोळा खराब झालाय, बदलावा लागेल. तीन महिन्यांत पळायला लागाल." मी म्हणलं, पळायचं नाही साहेब, मले बसून काम करता आलं पाह्यजे. तो हसला. तवा लय हसरा माणूस होता तो.

आपरेशन झालं. खुब्याचं दुखणं गेलं, हे मी कबूल करतो, उगाच खोटं कायले बोलू. पण गुडघ्याच्या खाली पाय माहा नव्हताच. पंजा कुठं हाये ते डोळ्यांनी पाह्यल्याशिवाय समजत नव्हतं. सिस्टर म्हणली, कमरेत भुलीची सुई दिली होती ना चाचा, तिचा असर हाये, उतरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर राऊंडले आला. मी उताणा पडलेला, दोन्ही पायांच्या मधात जाड उशी बांधलेली, मान जराशीच वर होत होती. अंगावर चादर. ती माह्या बायकोनं, हाजरानं, पार पंजाच्या खालपर्यंत ओढून घेतली होती. माह्या टाचांना भेगा, भेगांत पस्तीस वर्सांचं काळं, अन् साहेबांच्या तोंडासमोर असे पाय नको असं तिले वाटे. ती पायथ्याशी स्टुलावर बसली होती. डॉक्टर दारातच उभा राह्यला. कानाले मोबाईल होता, तो जरा खाली करून म्हणला, "काय जमशेदभाई, डावा पाय हलवा बघू." मी जोर लावला. पायाच्या जागी चादर वर-खाली झाली, मले माह्या डोळ्यांनी दिसली. "मस्त," डॉक्टर म्हणला. फाईलवर काहीतरी लिहिलं अन् पुढच्या पलंगाकडं गेला. माहा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजाच्या वेळी जाग आली. तीन दिवस नमाज सुटली होती, मनाले लागून राह्यलं होतं. पलंगावरच कसाबसा उठून बसलो अन् बसल्या बसल्या सजद्यासाठी वाकलो. जरा जास्तच वाकलो असीन, कारण खुब्यात कट्ट असा आवाज आला. दुखलं काही नाही. मी घाबरून परत आडवा झालो. त्याच दिवशी दुपारी पेशंटले चालवायले शिकवणारी दवाखान्यातली पोरगी आली, तिनं मले वॉकर धरून उभं केलं, अन् डावा पंजा खाली लोंबला. वरच येईना. फडकं लोंबते तसा लोंबला. ती म्हणली, सूज असेल, होईल हळूहळू.

हळूहळू म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नाही. सहाव्या दिवशी सुट्टी झाली. घरी आलो तवा पाय तसाच. पावलाच्या वरच्या बाजूले मुंग्या, पिंडरीच्या बाहेरून आग, पाणी टाकलं तरी आग, अन् तळपाय मेलेला. चप्पल पायातून निघून जाये अन् मले पत्ता नसे. मागून कोणीतरी हाक मारून सांगे, जमशेदभाई, चप्पल राह्यली. मंग हाजरानं चपलेले चिंधीचे बंद शिवून दिले. पंजा उचलत नव्हता म्हणून गुडघाच वर उचलून टाकावा लागे. गल्लीतले लोकं म्हणत, खुबा नवा बसवला तरी चाल काही सुधरली नाही. हाजरा दिवसातून दोन वेळ तेल लावून पाय चोळे. एक दिवस सोडला नाही तिनं.

दीड महिन्यानं दाखवायले गेलो. डॉक्टरनं नवा एक्सरे काढायले लावला, उजेडावर धरला अन् खूश झाला. "काय सुंदर बसलाय जॉइंट." मी म्हणलं, साहेब, जॉइंट सुंदर हाये, पण खाली पाय मेलेला हाये. तो म्हणला, बधिरपणा राहतो थोडा, वाट पाहा. तीन महिन्यांनी गेलो. वाट पाहा. मंग म्हणला, शुगर असेल. शुगर तपासली, नव्हती. मंग म्हणला, वय झालं. मी म्हणलं, साहेब, उजवा पायबी तेवढ्याच वयाचा हाये. त्याले ते आवडलं नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माह्या उजव्याची गेली असेल, डाव्यात तं काही उरलंच नव्हतं. प्रत्येक वेळी मी पायजमा वर करायले जाये अन् तो म्हणे, राहू द्या, राहू द्या. माह्या पायाचा फोटो त्यानं दहा वेळा पाह्यला असेल. पाय एकदाबी पाह्यला नाही.

सहाव्या महिन्यात मी जरा आवाज चढवला. म्हणलं, आपरेशनच्या आधी पाय चांगला होता, नंतर गेला, तं मधात काय झालं ते सांगा. तवा त्यानं फाईल उघडून माह्यासमोर ठेवली अन् बोट ठेवून वाचून दाखवली. "दुसरा दिवस. पाय हलतो. संवेदना चांगली. आता सांगा, ऑपरेशनमध्ये नस दुखावली असती तर दुसऱ्या दिवशी पाय हलला असता का? त्यानंतर तुम्हीच काहीतरी केलंय. वाकलात का? मांडी घातली का?"

मी फाईल परत त्याच्याकडं सरकवली. चादर हललेली मी स्वतः पाह्यली होती. अन् तिसऱ्या दिवशी वाकलो होतो, तेबी खरं. तो कट्ट आवाज माह्या कानात होताच.

त्या दिवसापासून मी स्वतःलेच खाऊ लागलो. अल्लाहसमोर वाकलो अन् पाय गमावला, हे कोणाले सांगू? मशिदीत मागच्या बाजूले खुर्चीवर बसून नमाज पढतो मी आता, पण सजद्याची वेळ आली की ते पलंगावरचं वाकणं आठवे अन् पुढचे शब्द विसरून जाये. इमामसाहेबाले विचारायची हिंमत झाली नाही. हाजराले मात्र सांगितलं. ती पाय चोळत होती तवाच सांगितलं. म्हणलं, हाजरा, मीच माहा पाय मोडून घेतला, एक दिवस दम नाही धरला. पोरीच्या लग्नातबी मी रडलो नव्हतो, पण त्या दिवशी रडलो. ती खाली मान घालून पाय चोळत राह्यली. मले वाटलं, बिचारीले काय बोलावं ते सुचत नसेल.

दहा महिने झाले. घरात बसून माणूस किती दिवस बसणार. पोळा जवळ आला होता, लोकं बैल सजवायच्या तयारीत. शेजारच्या तांड्यावरचा भाऊसिंग त्याचा धामण्या बैल घेऊन दारात आला. भाऊसिंग म्हणजे माहा लय जुना गिऱ्हाईक, त्याच्या बापाच्या बैलांनाबी माह्या बापानं नाल ठोकले. म्हणला, "जमशेदभाई, तुमी फकस्त बसा. बैल मी पाडतो, पाय मी बांधतो. तुमी हात चालवा. दुसऱ्याच्या हातात मी पाय देत नाही." मी म्हणलं, माहाच पाय हातात राह्यला नाही, तू बैलाचं काय घेऊन बसला. तो म्हणला, "मंग काय घरात लोणचं घालून राह्यले का स्वतःचं?" असा तोंडाळ माणूस हाये तो. मी हातोडी काढली.

खरं सांगतो, हात काही विसरले नव्हते. लाकडी पाटावर बसून आठही नाल ठोकले. बैल उठला, चालला, चारी पाय बरोबर टाकले. भाऊसिंगनं त्याले रस्त्यापर्यंत फिरवलं अन् मीबी लंगडत मागं गेलो, चाल पाह्याले. मंग येऊन ओट्यावर टेकलो. हाजरा चहा घेऊन आली. मी मजेत होतो, भाऊसिंगले सांगून राह्यलो होतो की आता मेडशीच्या बाजारात परत बसायले हरकत नाही. हाजरा म्हणली, "हे काय सांडवलं? बैलाच्या शिंगाचा रंग का?" फाटकापासून ओट्यापर्यंत जमिनीवर लाल लाल पट्टा उमटला होता. भाऊसिंग म्हणला, मी अजून शिंगं रंगवली नाहीत वहिनी.

हाजरानं चहाचा ट्रे खाली ठेवला. वाकून माहा डावा पाय उचलला. चप्पल फोडून नालाचा एक खिळा तळपायात डोक्यापर्यंत गेला होता. मी त्या खिळ्यावर रस्त्यापर्यंत चालत जाऊन आलो होतो, अन् चहा पिऊन राह्यलो होतो. तिनं खिळा उपसला तवाबी मले फक्त तिचे खांदे हललेले दिसले. "लागलं नाही तुमाले?" तिनं विचारलं. मी म्हणलं, नाही. ती तो खिळा मुठीत धरून तशीच बसून राह्यली. भाऊसिंगच्या समोर ती कधी पदर खाली पडू देत नाही, तो पडला होता, तेबी तिले समजलं नाही.

गावात सुई घेतली, पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणली, "चला वाशिमले." मी म्हणलं, कायले? तो फाईल वाचून दाखवीन अन् घरी पाठवीन. ती म्हणली, "चला म्हणते ना." माह्या आधी जाऊन एस्टीत बसली.

डॉक्टरनं खिळ्याची गोष्ट ऐकली अन् खुर्चीत मागं टेकला. हसरेपणा आता पार गेला होता. "अहो, मी किती वेळा सांगू? पायाची काळजी तुम्ही घ्यायची. ही बघा नोंद, दुसरा दिवस, पाय हलतो." परत तीच फाईल, परत तेच पान.

हाजरा दाराजवळ उभी होती. उभ्या उभ्याच बोलली. "साहेब, तो पाय यांनी नव्हता हलवला. मी हलवला होता. चादरीखालून हात घालून."

मी तिच्याकडं पाह्यलं. डॉक्टरनंबी पाह्यलं. बाहेर सिस्टर कोणाचं तरी नाव पुकारत होती.

डॉक्टर आधी सावरला. त्याचा आवाजच बदलला. "बाई, तुम्ही काय केलंत कळतंय का तुम्हाला? तुम्ही डॉक्टरला फसवलंत. तुमच्यामुळे मला कळलंच नाही. आता मला बोलू नका, तुमच्या नवऱ्याच्या पायाला तुम्ही जबाबदार आहात." सगळं खापर त्यानं एका दमात तिच्या डोक्यावर फोडलं अन् हात झटकून मोकळा झाला. हाजरा मान हलवत होती, हो साहेब, हो साहेब.

मले त्या वेळी हाजराचा राग आला नव्हता का? असा आला होता की तिच्याकडं पाहायचं नाही असं ठरवून टाकलं. चार महिने मी त्या एका सजद्यापायी स्वतःले गुन्हेगार समजत होतो, अन् ही पाय चोळत ऐकत होती. पण तिचं मी घरी पाहून घेतलं असतं. हा माणूस माह्यासमोर माह्या बायकोवर बोट रोखून राह्यला होता, अन् ती त्याले हो साहेब म्हणत होती, ते मले सहन झालं नाही.

मी म्हणलं, "हात तिचा होता साहेब, पण तपासायचं काम तिचं नव्हतं. तुमी दारातून इचारलं. चादर उचलायले किती वेळ लागला असता? अन् बरं, पाय तिनं हलवला. संवेदना चांगली, असं लिहिलं तुमी. ती कोणी हलवली? ती काय चादरीतून दिसली तुमाले?"

त्यानं फाईल मिटली.

"मी अडाणी नालबंद. पण बैलाचा पाय हातात घेतल्याशिवाय त्याच्यात खिळा नाही ठोकला आजपर्यंत. तुमी दहा महिन्यांत माह्या पायाले बोट नाही लावलं." असं म्हणून मी चप्पल काढली अन् पट्टी बांधलेला पाय दोन्ही हातांनी उचलून त्याच्या टेबलावर ठेवला, त्याच्या फाईलवर. हाजरा घाबरून पुढं आली, मी तिले हातानंच थांबवलं. सिस्टरनं दार उघडून आत पाह्यलं अन् परत लावून घेतलं. "लावा हात," मी म्हणलं. "तुमी हात लावल्याशिवाय हा पाय खाली जाणार नाही."

डॉक्टरनं पेनाचं टोक घेतलं. अंगठ्याले लावलं, पावलाच्या वर लावलं, पिंडरीले लावलं. हे कळतं? नाही. हे? नाही. पंजा वर उचला. उचलला नाही. त्याचा चेहरा पडत गेला तो मले दिसला, अन् खोटं कायले बोलू, मले बरं वाटलं. मंग त्यानं चिठ्ठी लिहून दिली. नागपूरले नसेच्या डॉक्टरकडं जा, तिथं तारा लावून तपासतील. दहा महिन्यांनी त्यानं ती चिठ्ठी लिहिली.

परतीच्या एस्टीत हाजरा खिडकीकडं पाहून बोलत होती. घरात आमी उर्दूत बोलतो, पण ती त्या दिवशी मराठीतच बोलली, जसं काही अजून डॉक्टरसमोरच उभी होती. म्हणली, "त्या दिवशी बाजूच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याले पाय हलवता आला नाही, तं साहेब त्याच्यावर लय चिडले. सगळ्यांसमोर म्हणले, तू प्रयत्नच करत नाहीस, पडून राहा असाच. तो म्हातारा रडला. मले वाटलं, तुमालेबी तसंच बोलतील. सिस्टर म्हणलीच होती की सुईचा असर हाये. म्हणलं, उद्या हलणारच हाये तं आज साहेबांना कायले नाराज करायचं."

मी विचारलं, "अन् मंग सांगितलं काहून नाही?"

"पहिल्या दिवशी सांगायचं राह्यलं," ती म्हणली. "दुसऱ्या दिवशी भेव वाटलं. तुमी सजद्याचं बोलले त्या दिवशी तं जीवच गेला माहा. रोज ठरवत होती. रोज अवघड होत गेलं."

मी तिच्याशी बोललो नाही. पुढं नागपूरची तारीख यायले तीन आठवडे होते, ते तीनही आठवडे बोललो नाही. ती तरी दिवसातून दोन वेळ तेलाची वाटी घेऊन यायची. मी पेपर तोंडासमोर धरून बसायचो. पाय तिच्या हातात आहे का नाही तेबी मले कळत नव्हतं, म्हणून नको म्हणायचाबी प्रश्न नव्हता.

भाऊसिंगले कुठून तरी समजलं. तो येऊन मलेच बोलला. "बाईमाणसानं भेवून केलं ते. तुमी तरी काय केलं असतं? मी तं हवालदारासमोरबी नाही त्या गोष्टीले हो म्हणतो." मी त्याले म्हणलं, तू तुहा धामण्या पाह्य. पण ते बोलणं माह्या डोक्यात राह्यलं. आमची सगळ्यांची गतच ही हाये. मोठ्या माणसानं विचारलं, ठीक आहे ना, की आमी हो म्हणतो. दुखून राह्यलं तरी हो. ती चीड मले हाजराच्यापेक्षा जास्त स्वतःची आली, कारण त्याच दवाखान्यात पहिल्या दिवशी सिस्टरनं जेवण झालं का विचारलं, अन् मी उपाशी असून हो म्हणलो होतो.

नागपूरले गेलो. तिथली डॉक्टर बाई होती, आमच्या अफ्रीनच्या वयाची, माही थोरली पोरगी हाये ना तिच्या. हाजराले बाहेर बाकावर बसवलं, आत एकालाच घेत होते. त्या बाईनं आल्या आल्या माहा पाय आपल्या मांडीवर घेतला. मी लाजून मागं ओढायले गेलो, तं म्हणली, "राहू द्या चाचा, इथंच तर काम आहे माझं." बोटानं दाबून पाह्यलं, टोचून पाह्यलं, गुडघ्याच्या मागं टिचकी मारली. मंग तारा लावल्या, बारीक बारीक करंट दिला. उजव्या पायाले दिला तं पाय उडला. डाव्याले दिला तं काही नाही.

तिनं तारा काढल्या अन् माह्यासमोर स्टूल ओढून बसली. म्हणली, नस गेली आहे, आता परत येईल असं सांगू शकत नाही. पंजा वर धरून ठेवणारा पट्टा देते, त्यानं चालणं सुधरेल. पण पाय रोज डोळ्यांनी तपासायचा, खिळा, काच, काहीही लागलं तरी समजणार नाही.

मी म्हणलं, बाई, एकच सांगा. खरं सांगा. आपरेशनच्या दुसऱ्या दिवशी समजलं असतं, तं?

तिनं टाळलं नाही. "दुसऱ्या दिवशी कळलं असतं तर लगेच उघडून पाहता आलं असतं. कधी कधी आत रक्त साचून नसेवर दाब येतो. तो वेळेवर काढला की बऱ्याच जणांची नस परत येते. सगळ्यांची नाही. पण तुमच्या पायाला ती संधी होती."

वर्सभर मी हेच तं मागत होतो. कोणीतरी पायाले हात लावून खरं सांगावं. ते मिळालं, अन् मी पायजमा खाली ओढून पाय झाकून घेतला.

"बाहेर तुमच्या मिसेस आहेत ना," ती म्हणली. "त्यांना बोलवा, त्यांनाही समजावून सांगते."

"नको," मी म्हणलं. "त्यांना मी सांगतो."

बाहेर आलो. हाजरा बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती, उघडला नव्हता. मले पाहून उठली. तीन आठवड्यांत मी तिच्याशी बोललो नव्हतो, म्हणून तिनं माह्याकडं न पाहता, डब्याकडं पाहून विचारलं, "काय म्हणल्या?"

मी तिच्या बाजूले बसलो. म्हणलं, "नस गेली. पट्टा लावायचा."

"अन् दुसऱ्या दिवशी समजलं असतं तं?"

मले माहीत होतं ती हेच विचारणार. "विचारलं मी," मी म्हणलं. "तरीबी काही झालं नसतं. काही काही नसा अशाच जातात. तवा समजलं काय अन् आता समजलं काय, सारखंच."

"खरं?"

"इतकी शिकलेली बाई खोटं कायले बोलीन."

ती खाली बसली. तोंडावर पदर घेतला. मंग पदर काढून तिनं माह्याकडं सरळ पाह्यलं. "म्हणजे त्या वाशिमच्या डॉक्टरचीबी चूक नव्हती? आपण त्याले उगाच बोललो?"

नागपूरच्या डॉक्टर बाईनं जे मले सांगितलं ते माह्या जिभेवर आलं होतं. तो माणूस दारातून आत आला असता, चादर उचलली असती, तं आज मी उकिडवं बसून नाल ठोकत असतो. पण त्याची चूक हाये म्हणलं की त्या चादरीखाली हाजराचा हातबी येते. दोघांना वेगळं काढता येत नाही, मी लय प्रयत्न करून पाह्यला.

"नाही," मी म्हणलं. "त्याचीबी काही चूक नव्हती."

त्या डॉक्टरले मी माफ केलं नाही. कधी करणारबी नाही. बाजारात त्याची जाहिरातीची गाडी फिरते तवा मी तोंड फिरवून घेतो. पण हाजराचं मन अजून थाऱ्यावर नाही. तेलाची वाटी घेऊन बसली की थोड्या वेळानं विचारतेच, त्याची चूक नव्हती ना जी? अन् मी रोज तिले सांगतो, नव्हती.